बारशाआधी

शालिनीनं दार उघडलं... दारात दुर्गावहिनी उभी होती! विमानतळाजवळच्या हरणीतल्या या फ्लॅटमध्ये माहेरचं एकही माणूस कधी आलं नव्हतं, आणि आज एकवीस वर्षांनी सख्खी भावजय दारात!

"आत येऊ?" म्हणत उत्तराची वाट न पाहता दुर्गा खुर्चीवर येऊन बसली.

शालिनीनं पाणी आणलं. डॉक्टर शालिनी मोहिते... तान्ह्या बाळांच्या काविळीवरचं जिचं संशोधन परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं, तिच्या सत्काराला सारं सभागृह भरलं होतं. पण टाळ्यांच्या त्या गजरात तिचे डोळे मात्र आईचा आणि दादाचा, असे दोनच चेहरे शोधत राहिले, आणि घरी परतून, खांद्यावरची शाल घडी करून कपाटात ठेवून तिनं एकटीनंच वरणभात खाल्ला होता.

"भक्तीला मुलगा झाला," दुर्गा म्हणाली. "आठवडा झाला."

भक्ती! तीन वर्षांची असताना शेवटची पाहिलेली भाची... आई झाली!

"दवाखान्यातून सोडताना नर्स समजावायला आली. म्हटलं, मला सांग, मी आजी आहे. तर म्हणते, 'बा, तमने नहीं, एनी मम्मीने ज कहेवानुं छे. शालिनीबेननुं रिसर्च छे.' म्हणजे आजीला नाही, बाळाच्या आईलाच सांगायचं!" दुर्गानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "निरोप घरातल्या मोठ्यांकडे दिला तर तो बाळाच्या आईपर्यंत पोचतोच असं नाही, आणि तेवढ्यात बाळ हातचं जातं... दोन हजार बाळांच्या मागे फिरून हेच लिहिलंत ना तुम्ही?"

पाण्याचा पेला शालिनीनं तिच्याजवळ सरकवला.

"वन्सं, त्या दिवशी तुमचा फोन सासूबाईंनी उचलला होता. काय सांगितलं होतंत तुम्ही?"

तरसालीचं ते माहेरचं घर, दुर्गावहिनीचं सहा दिवसांचं बाळ... शालिनी तेव्हा सुरतेला शिकत होती. 'पोर तळपायापर्यंत पिवळं दिसतंय गं,' असं आई फोनवर सहज बोलून गेली, आणि शालिनी अक्षरशः ओरडली होती, "आई, आजच्या आज दवाखान्यात न्या! वहिनीला सांग, दादाला सांग!" पण आपली दोन्ही मुलं कोवळ्या उन्हात ठेवूनच वाढवलेल्या आईला, जिजाबाईंना, त्यात घाबरण्यासारखं काही वाटलं नाही, आणि निरोप त्यांनी कुणाला दिलाच नाही. दोन दिवसांनी बाळाला झटके आले... आणि ते गेलं! शालिनी धावत घरी पोचली तेव्हा गजेंद्रदादानं तिचे खांदे धरून विचारलं, "तू डॉक्टर ना? आईला काय सांगितलंस फोनवर?" दादाच्या मागे, कोपऱ्यात, आई बसली होती... भेदरलेली, छातीशी हात जोडलेली! तिच्याकडे पाहिलं आणि शालिनीच्या तोंडून शब्द निघून गेले, "मीच म्हणाले... उन्हात ठेवा, बरं होईल."

त्या एका वाक्यानं माहेर कायमचं तुटलं. मग उभं आयुष्य लोकांच्या बाळांचे तळपाय उजेडात धरून बघण्यात गेलं.

"बोला, वन्सं!"

"वहिनी, इतक्या वर्षांनी आता..."

"एकवीस वर्षं मी तुम्हाला शाप दिले! आणि सासूबाईंचे पाय चेपले! आजसुद्धा हे आपल्या हातानं त्यांना घास भरवतात..."

"म्हणूनच दादाला सांगू नका!" शालिनीनं तिचे दोन्ही हात धरले. "पंच्याऐंशी वर्षांची झाली ती. तिच्या मनात वाईट नव्हतं हो... दादानं तोंड फिरवलं तर ती कुणाकडे बघेल?"

"आणि मी?" दुर्गानं हात सोडवून घेतले. "मी आई होते त्याची! मला तरी सांगायचं होतं!"

इतकी वर्षं ज्याला शालिनीनं त्याग मानलं, त्याची ही बाजू तिनं कधी पाहिलीच नव्हती.

"चुकलं माझं," ती कशीबशी म्हणाली. "निरोप आईनं अडवला... आणि मीही अडवला. तुमच्यापर्यंत पोचूच दिला नाही."

इमारतीवरून विमान घरघरत उतरलं, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि पुन्हा शांत झाल्या. दुर्गानं पदरानं चेहरा पुसला.

"सासूबाई असेपर्यंत नाही सांगणार. पण त्या गेल्या की मीच यांना सगळं सांगेन. याहून जास्त माझ्याच्यानं व्हायचं नाही."

शालिनीनं मान हलवली. दुर्गा उठली, दारापर्यंत गेली... आणि थांबली.

"बारसं राहूनच गेलं माझ्या बाळाचं. नाव आत्यानं ठेवायचं असतं... तुम्ही काही ठरवलं होतं का?"

इतकी वर्षं ते नाव शालिनी कुणाजवळ उच्चारणार होती?

"पृथ्वीराज."

दुर्गा दाराला टेकून हळूहळू खाली बसली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हणा, वन्सं!"