दोन ते चारचा पहारा

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो गणराज माझा सख्खा मावसभाऊ. रहाटणीत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. गावाचं नाव तेवढं सांगणार नाही. तिथली माणसं चांगली आहेत, उगाच त्यांच्या मागे ससेमिरा नको. चाकणपासून सात-आठ किलोमीटर आत, एवढं पुरे.

गेल्या वर्षीचा चैत्र. रामनवमीला बसलेल्या सप्ताहाचा पाचवा दिवस.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपारचे दोन वाजले होते.

गणराजचं घर लग्नाच्या फोटोंवर चालायचं, पण जीव अडकलेला वाजवणाऱ्या माणसांत. काळेवाडीच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला, जो एरवी वेल्डिंग करतो. चाकणात पेटीचे सूर जुळवून देणारे रहिमानचाचा. मिरवणुकीत हलगी कडाडवणारी पिंपळे गुरवची मंडळी. सगळ्यांचे चेहरे त्यानं टिपलेले. माणूस कॅमेरा विसरेपर्यंत हा तासन् तास बसून राहायचा. देवाला हात जोडतानाही याचा एक डोळा उजेड कुठून येतोय ते बघायचा. मावशी म्हणायची, "याला देव जरी पावला, तरी हा म्हणंल, जरा डावीकडं सरका."

त्या वर्षी त्यानं विणेकरी टिपायचे ठरवले.

अखंड सप्ताहात सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकवत नाहीत. एक विणेकरी दोन तास वीणा गळ्यात घालून, नामस्मरण करत उभा राहतो. मग दुसरा येतो. दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तो पहारा. पुढचा आल्याशिवाय आधीच्यानं हलायचं नाही.

गणराजची बायको रोहिणी तेव्हा आठवा संपवून नवव्यात होती. आधी दोनदा पोटातलं पोटातच गेलं होतं. हे तिसरं. दोघंही फुंकून फुंकून पाऊल टाकत होते. तारखेला अजून वीस दिवस होते, म्हणून तीच म्हणाली, "जाऊन या. उद्यापासनं मात्र कुठं हलायचं नाही."

तो भैरवनाथाच्या देवळात पोचला तेव्हा सव्वादोन झाले होते.

देवळात कुणी नव्हतं.

म्हणजे विणेकरी होता. बाकी कुणी नव्हतं. बाया सकाळच्या स्वयंपाकानं दमून घरी पडलेल्या. पुरुष कंपनीत, नाहीतर कांद्याच्या मार्केटात. दुपारच्या पहाऱ्याला माणूस मिळत नाही हे गणराजला ठाऊक होतं. सप्ताहाचं सगळं बघणारे सोपानराव त्याला फोनवर म्हणाले होते, "दोन ते चार माझाच धरा. आमच्याकडं शिफ्ट बघून देव उभा राहतो, राव."

पण समोर सोपानराव नव्हते.

एक म्हातारा होता. पांढरा फेटा, बुक्का लावलेलं कपाळ, डोळे मिटलेले. तारेवर बोट संथ चाललेलं. 'राम कृष्ण हरी' इतकं हळू म्हणत होता, की माइकमधूनही जेमतेम ऐकू यावं.

गणराजला असा चेहरा वर्षात भेटला नव्हता. त्यानं दहा-अकरा फोटो काढले.

मग म्हातारा डोळे न उघडता बोलला.

"लई येळ झाला बाबा हुबा हाय. जरा घेतोस का? त्वांड धुऊन येतो."

"मला नाही येत, बाबा."

"यायचं काय त्यात? हुबं ऱ्हायचं. फकस्त खाली टेकवू नको. येक डाव टेकली व्हती."

"मग?"

"घरातलं मानूस गेलं."

गणराजनं कॅमेरा दगडी कठड्यावर ठेवला. धुतलेला चेहरा उजेडात चांगला येईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. म्हाताऱ्यानं वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला.

बोटं गार होती… बर्फाच्या लादीवरून उचलल्यासारखी.

बाहेर नळ सुटल्याचा आवाज आला.

मग तो थांबला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. म्हातारा आला नाही.

गणराजनं "बाबा" म्हणून हाक मारली. वेळ जावा म्हणून त्यानं एका हातानं कॅमेरा उचलला आणि फोटो बघितले.

अकराही फोटोंत म्हातारा नव्हता.

वीणाही नव्हती.

नुसता मागचा खांब होता. तोही धूसर. या धंद्यातल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. खांब धूसर येतो, कारण कॅमेऱ्यानं त्याच्या पुढच्या कशावर तरी नेम धरलेला असतो. अकरा वेळा त्या कॅमेऱ्याला तिथं कुणीतरी दिसलं होतं.

ही वीणा इथंच ठेवायची आणि गाडीला किक मारायची, गणराजनं ठरवलं. तो हळूच खाली वाकला. वीणेचा भोपळा फरशीपासून बोटभर राहिला असेल…

फोन वाजला.

रोहिणी होती. "अहो, पोटात कळ आली. जोरात आली हो."

त्यानं झटक्यात वीणा वर घेतली.

"घाबरू नको. मी येतोय. तोवर ताजुन्निसाभाभींना हाक मार."

ताजुन्निसाभाभी खालच्या मजल्यावर राहायच्या. भल्या बाई. पाच मिनिटांत त्यांचाच फोन आला. "गणराजभाऊ, मी रिक्षानं दवाखान्यात नेते हिला. तुम्ही फक्त लवकर या."

लवकर म्हणजे कसं? त्यानं सोपानरावांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. तीनदा लावला, तीनदा वाजत राहिली. दारापर्यंत येऊन त्यानं हाका मारल्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पलीकडच्या शेडमधला कंपनीचा पंखा तेवढा घरघरत होता.

मग त्याला माइक दिसला.

देवळावर कर्णा होता, अख्ख्या गावाला ऐकू जाणारा. त्यानं माइक तोंडाजवळ घेतला आणि जीव तोडून ओरडला. "अहो, कुणीतरी या. माझी बायको अडली आहे. कुणीतरी वीणा घ्या."

आणि बाहेर कर्ण्यातून आवाज आला…

राम कृष्ण हरी.

संथ. म्हातारा आवाज.

तो पुन्हा ओरडला. कर्ण्यातून पुन्हा तेच आलं. तो रडला, त्यानं शिव्या दिल्या, देवळात उभा राहून देवालाही दिल्या. गावाला मात्र नामच ऐकू जात होतं. दुपारच्या झोपेत लोकांनी ते ऐकलं असेल, पहारा नीट चाललाय म्हणून कूस बदलली असेल. गळा फुटला त्याचा, पण एक दार उघडलं नाही.

दुसऱ्यांदा तो वाकला. वाकता वाकता फोन वाजला. ताजुन्निसाभाभी. "खून थांबत नाही, भाऊ."

वीणा घेऊनच गाडीवर बसावं म्हणून त्यानं उंबऱ्यावर पाय उचलला.

फोन वाजला.

या वेळी रोहिणी होती. आत नेण्याआधी भाभींनी तिच्या कानाला फोन लावला होता. आवाज खोल गेलेला.

"अहो… या ना."

गणराजनं पाय मागे घेतला. त्या क्षणी त्याला काय वाटलं ते त्यानं मला नंतर सांगितलं. म्हणाला, "भावा, मी देव-देव करणारा माणूस नाही. पण तीन वेळा पहारा मोडायला गेलो आणि तीन वेळा तिची तब्येत बिघडली. चौथ्यांदा कुणाच्या जिवावर मोडू?"

तो तिला म्हणाला, "ही वीणा टेकवता येत नाही ग. कुणीतरी येऊन घेतली की लगेच निघतो."

"कुणीच नाहीये का तिथं?"

"कुणीच नाही."

मग म्हणाली, "बरं."

फोन बंद झाला. तीन वाजून बारा मिनिटं.

त्यानंतर फोन वाजला नाही. हा लावायचा तर कुणी उचलायचं नाही. आधीच्या रिंगांपेक्षा ते जास्त भयंकर होतं, असं तो म्हणतो. हात भरून आले होते, खांद्यात पट्टा रुतत होता. तो उभा होता आणि तारेवर बोट फिरवत होता. बोलायला दुसरं काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्यानं नाम घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं घेतलं. तिला वाचव, एवढंच त्या नामात होतं.

पावणेचारला दारात सावली पडली.

रोहिणी.

अनवाणी. केस मोकळे, ओले. अंगात फिकट हिरवा गाऊन. ती सरळ चालत आत आली. चालताना पायांचा आवाज नव्हता. त्याच्यासमोर येऊन वाकली आणि तिनं त्याच्या पायाला हात लावला.

बोटं गार होती.

"द्या इकडं," ती म्हणाली. "निघा तुम्ही. लेक वाट बघतीय."

त्यानं वीणा तिच्या गळ्यात घातली. उलट तिच्या पाया पडायचं असतं, तेही त्याला सुचलं नाही. बायकोनं जा म्हटलं आणि तो सुटला. पायऱ्या, गल्ली, गाडी. कॅमेरा तिथंच राहिला. तो पळत होता आणि डोकं रिकामं होतं.

चाकणच्या चौकात ट्रेलर आडवा लागला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या. कंपन्यांच्या बस, कांद्याचे ट्रक. गाडी बंद करून उभा राहिला, तेव्हा कुठं त्याचं डोकं चालू झालं.

ती सरळ चालत आली होती.

वाकली होती.

तिचं पोट…

तिला पोट नव्हतं.

त्या चौकात, ऐन गर्दीत, तो लहान मुलासारखा ओरडायला लागला. एका ट्रकवाल्यानं उतरून त्याला धरलं. तेवढ्यात ताजुन्निसाभाभींचा फोन आला. "मुलगी झाली, भाऊ. मुलगी चांगली आहे."

"आणि रोहिणी?"

"तुम्ही या."

तो साडेपाचला पोचला. दवाखान्याच्या कागदावर रोहिणी गेल्याची वेळ होती तीन अडतीस.

सोपानरावांचं नंतर कळलं. दुपारी त्यांची साखर उतरली होती आणि ते घरात बेशुद्धीत पडले होते. बारा ते दोनच्या विणेकऱ्याला सेकंड शिफ्टची बस पकडायची होती. दारात पांढरा फेटा दिसला आणि त्यानं तोंड न बघता वीणा गळ्यात घातली. पाहुणा असेल म्हणाला. त्याला तरी काय बोलायचं, बस चुकली की खाडा लागतो.

फेट्याचं आणि बुक्क्याचं वर्णन ऐकून सोपानराव खाली बसले.

"कोंडीरामतात्या," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. ह्योच पहारा व्हता. पुढचा आलाच न्हाई. घरी बायको ठकुबाई आजारी, निरोपावर निरोप. शेवटी तात्यानं वीणा खाली ठेवली आन् पळाला. ती तवर गेलती. आठ दिसांत तात्या बी गेला. वीणा टेकवली म्हनून गेली, हे डोक्यातनं निघालंच न्हाई त्याच्या."

म्हणजे त्यानं ठेवली, तरी गेली. गणराजनं ठेवली नाही, तरी गेली. गणराज दिवसभर हेच घोकत असतो. त्या पहिल्या फोनला सरळ वीणा टाकून निघालो असतो, तर शेवटी तिचा हात तरी हातात असता. मी त्याला म्हणतो, तुझ्या हातात काही नव्हतं. म्हणताना माझं मलाच खरं वाटत नाही.

लेक आता वर्षाची झाली. ताजुन्निसाभाभींच्याच अंगाखांद्यावर असते. गणराजनं फोटो काढायचं सोडलंय.

पण मी हे आज लिहायला बसलो, ते दुसऱ्याच कारणानं.

दहाव्याला त्या गावातून एक माणूस आला होता. ज्ञानेश नाव. चार ते सहाचा पहारा त्याचा होता. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गणवेशातच तो देवळात गेला, ट्रॅफिकमुळे दहा मिनिटं उशिरा. मला बाजूला घेऊन तो खालच्या आवाजात बोलला.

"दादा, वीणा मी एका बाईच्या गळ्यातून घेतली. आमच्या गावात बायका वीणा घेत नाहीत, म्हणून मी चमकलो. ती खूप दमलेली दिसत होती. मी पाया पडलो, तीही पडली. दारापर्यंत गेली आणि परत वळली. मला विचारलं…"

"काय विचारलं?"

"म्हणाली, 'ते पोचले का?'"

ज्ञानेशला काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "कोण, ताई?"

ती दारात उभी राहून बराच वेळ रस्त्याकडे बघत होती, म्हणाला. मग त्यानं डोळे मिटून नाम सुरू केलं. उघडले तेव्हा दार मोकळं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी गणराज चाकणच्या चौकात अडकलेला होता.

हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.