कापलेला कोपरा

मरोळच्या छपाई कारखान्यात दुपारचा भोंगा वाजला की मंजुळाला डब्यापेक्षा झोपेची घाई असायची. चार घास कसेबसे ढकलायचे, कोऱ्या ताग्यांच्या ढिगाला पाठ टेकायची आणि डोळे मिटायचे. मग चंदर यायचा.

नवसानं झालेलं पोर, नवव्या वर्षी काविळीनं नेलं. रात्री तिला धड झोप लागत नसे, त्यामुळे तो यायचा तो दुपारीच. कधी चड्डीच्या खिशात चिंचोके भरून, कधी "आये, भूक लागली" करत. संध्याकाळी ती घरी पोचली की अनंता, तिचा नवरा, चहाच्याही आधी विचारायचा, "आज चंदर इलो होतो?" गिरणी बंद पडल्यापासून बिचारा वॉचमनकी करत होता. त्याच्या स्वप्नात पोरगा एकदाही आला नव्हता. मग ती सगळं सांगायची, काय बोलला, काय खाल्लं, आणि तो भिंतीला टेकून ऐकायचा. तेवढ्यावर ते दोघं तगून होते. दुसरं होतं काय त्यांच्याकडे?

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कारखान्याचा मालक चंद्रप्रकाश शेठ मनिलाहून एक कापड घेऊन आला. मंजुळाचं काम नमुन्याची नक्षी छपाईसाठी काळ्या शाईनं पारदर्शक फिल्मवर उतरवण्याचं. गावात तिच्या रांगोळीचं नाव होतं, इथे त्याच हातांवर पोट चाललं होतं. शेठनं कापड तिच्या टेबलावर टाकलं. करकरीत, केळीच्या सोपटाच्या धाग्याचं असावं तसं. काळपट तपकिरी, मधून तांबडं, मधून पांढुरकं. हात धरून उभी असलेली माणसं, नाहीतर मगरी, बघाल तसं. त्याला ओल्या रानाचा वास होता.

"याच्या चादरी करायच्या. परदेशात वेडे होतील लोक," शेठ म्हणाला.

"पण शेठ, हा कोपरा?"

एक कोपरा कात्रीनं कापलेला होता. शेठाणीनं उशीच्या अभ्र्यासाठी घेतला, शिवताना नासवला आणि फेकून दिला. नेमकी तिथेच नक्षी वळत होती.

"भर ना काहीतरी. रांगोळीवाली ना तू?"

दोन दिवस तिनं डोकं फोडलं. काही केल्या बसेना. तिसऱ्या दुपारी ती कापड मांडीवर घेऊनच ताग्यांना टेकली आणि तिचा डोळा लागला.

चंदर आला नाही. आलं ते एक घर. डोंगरावरचं, बांबूचं, खांबांवर उभं. आत एक म्हातारी पाय लांब करून मागावर बसलेली. कमरेला पितळी घुंगरं, दात काळेभोर. मंजुळा दारात उभी होती. म्हातारीच्या मागावर तोच कोपरा होता, पुरा.

जागी होताच तिनं तो एका दमात काढला. शेठ म्हणाला, "झकास!" शेजारच्या टेबलावरची मालन म्हणाली, "बाई गं, कुठनं सुचतं तुला?" मंजुळा हसली. खरं सांगायचं तर तिला गर्वच वाटला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, पण ओढल्या सुबक.

त्या दिवसापासून चंदर यायचा बंद झाला.

डोळे मिटले की तेच घर. ती दारात, पाय उंबऱ्यालाच चिकटलेले. आठवड्याभरानं तिला तिथे म्हातारीच्या गुडघ्याशी तिचा चंदर बसलेला दिसला. धाग्याची गाठ मारत होता. तिनं जिवाच्या आकांतानं हाक मारली. त्यानं मान वर केली नाही.

"आज इलो होतो?" अनंतानं विचारलं.

"इलो होतो," ती म्हणाली. "पेज मागत होतो." आणि चुलीकडे तोंड करून रडली.

चिंध्या न्यायला कारखान्यात सिस्टर लुर्डेस यायच्या. जवळच्या कॉन्व्हेंटमध्ये बायकांना शिवण शिकवायच्या, मालनही जायची तिथे. सिस्टर मूळच्या मनिलाच्या. टेबलावरचं कापड बघून त्या थबकल्या.

मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं ते असं. हे टिबोली लोकांचं. दक्षिणेला मिंदानाओच्या डोंगरात, तळ्याकाठी राहतात. त्यांच्यात नक्षी बाईला स्वप्नात मिळते. कागदावर कुणी काढत नाही, डोक्यात ठेवून विणतात. एकीचं स्वप्न दुसरी घेत नाही. कात्री लावायची तर आधी काहीतरी वाहावं लागतं.

"मी त्यांच्यातली नाही," सिस्टर खाली बघत म्हणाल्या. "आम्ही शहरातले त्यांना जंगली म्हणतो. आणि त्याच कापडाच्या पर्स करून विकतो."

"कोपरा मी काढला," मंजुळा म्हणाली.

सिस्टरनी फिल्म उजेडात धरली. बराच वेळ बघितली. "काढलेला कुठला?"

मंजुळानं बोट ठेवलं. सिस्टरनी कपाळाला बोटं लावून क्रॉसची खूण केली आणि चिंध्यांची पिशवी तिथेच टाकून निघून गेल्या.

मंजुळा तडक केबिनमध्ये गेली. "शेठ, तो कोपरा काढून टाका. पाया पडते."

"वेडी झालीस? चार टेबलांवरचं कापड छापून होत आलं."

"ती नक्षी कुणाची तरी आहे, शेठ."

"जंगलातल्या लोकांची! ते येणारेत होय मरोळला मागायला?" शेठ खदखदून हसला.

मंजुळानं ब्लेडनं फिल्म खरवडली. शेठनं तिला हाकलून दिलं. उपयोग काय? फिल्मवरून छपाईचे साचे कधीच बनले होते, चादरींचे पहिले गठ्ठे बंदरावर गेले होते. म्हणतात ना, बैल गेला आणि झोपा केला.

आता दिवसभर घरीच. ती सारखी झोपायला बघायची. डोळा लागला की दार, म्हातारी, पोरगा. तो उंच झाला होता. मेलेलं पोर वाढत नाही, पण हा वाढत होता. मिसरूड फुटू लागलं होतं. ती हाका मारून मारून दमायची.

यातलं अनंताला तिनं काहीच सांगितलं नव्हतं.

एका रविवारी जेवून अनंता चटईवर लवंडला. ती भांडी घासत होती. घटकाभरानं तो दचकून उठून बसला. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तो हसत होता.

"अगो मंजुळा! चंदर इलो होतो! माझ्या सपनात!"

तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"केवढो वाढलो गो. माका बाबा म्हणालो. कुठल्या डोंगरावर रवता. एक म्हातारी जेवूक घालता तेका, काळ्या दातांची. सुखात असा."

"माझ्याबद्दल इचारल्यान?"

अनंताचं हसू ओसरलं. तो चटईची काडी उपसत बसला.

"सांगा ना. काय बोललो तो?"

"पोरगो बोललो," तो म्हणाला. "म्हणालो, बाबा, दारात एक बाई रोज येऊन उभी रवता. माका तिचा भय वाटता."