चिंचघाटचं भय

त्या दिवशीही अन्वीला इस्पितळाच्या आत नेता आलं नाही.

सातवा महिना लागला होता. रक्तदाब वर गेला होता, तपासणी टाळून चालणार नव्हतं. प्रणालीबाईंनी लेकीचा हात घट्ट धरला होता. जावई मागे पिशवी घेऊन उभा होता. काचेचं दार आपोआप बाजूला सरकलं, आतला गार वारा तोंडावर आला, आणि अन्वी पायरीवरच थिजली. कपाळावर घाम डवरला.

“आई, ते मला आत घेणार नाहीत.”

“अगं, कोण ते? दार उघडंच आहे की!”

“दिसतंय मला. पण ते घेणार नाहीत.”

आणि ती पोटाशी दोन्ही हात धरून बाहेरच खाली बसली. दाराशी खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी उठून आला. “बाई, ओढू नका त्यांना,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “परवा एकाला असंच जबरदस्तीनं आत नेलं, तर त्यानं हातानं काच फोडली. मी स्वतः जेवायलासुद्धा आत जात नाही.”

प्रणाली देवतळे वरोऱ्याच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनाही ते होत होतं. फक्त त्या कुणाजवळ बोलत नसत. बंद दारासमोर उभं राहिलं की छाती आवळायची, जीभ टाळूला चिकटायची, आणि नाकात ओल्या कोळशाचा आणि फिनेलचा वास भरायचा. आयुष्यात कधी खाण न पाहिलेल्या माणसांना कोकणात, पुण्यात, नाशकात कोळशाचा वास येत होता. मुलं वर्गाचं दार लावू देत नव्हती. लिफ्टमध्ये अडकलेली एक तरुण मुलगी नुसत्या भयानं गेली होती. लोकांनी या प्रकाराला ‘दारभीती’ असं नाव दिलं होतं.

तिचं काय करायचं हे ठरवणाऱ्या समितीत प्रणालीबाई होत्या. एक शास्त्रज्ञ, एक न्यायाधीश आणि एक साधा नागरिक असा कायदा होता. नागरिकाचं नाव सोडत काढून ठरायचं. या वेळी ते त्यांचं निघालं होतं.

दारभीती कुठून आली हे समजायला ‘सहसत्त्व’ म्हणजे काय ते आधी समजून घ्यायला हवं. कल्पना शाळकरी पोराला कळेल इतकी सोपी. माणूस एखाद्या रोगाशी झुंजून बरा होतो, तेव्हा त्याच्या रक्तातल्या पेशी त्या शत्रूला ओळखायला शिकलेल्या असतात. ही ओळख त्या अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये भरून रक्तात सोडत राहतात. शास्त्रज्ञ त्यांना स्मृतिकुप्या म्हणत. अशा कुप्या एकाच्या रक्तातून काढून दुसऱ्याला दिल्या, तर दुसऱ्याचं शरीर रोग न भोगताच तो धडा गिरवतं. मग सगळ्यांचंच थोडं थोडं रक्त घेऊन, सगळ्यांच्या कुप्या एकत्र करून, तो अर्क सगळ्यांना टोचला तर? एकानं जिंकलेली लढाई सर्वांनी जिंकल्यासारखी. हा अर्क म्हणजे सहसत्त्व.

त्याआधी कित्येक वर्षं एकच वाद चालला होता. उपचार सर्वांना मिळायला हवेत हे सगळेच म्हणत. पण भार कुणी उचलायचा? निरोग्यानं रोग्याचा का? शहरानं रानातल्या माणसाचा का? सहसत्त्वानं हा वाद उलटा करून टाकला. जो जास्त आजारातून उठला, त्याचंच रक्त जास्त मोलाचं ठरलं. अट एकच होती. देणाऱ्यालाच मिळेल, आणि सगळ्यांनी द्यायचं. क्षय गेला, काविळी गेल्या, पोरं साथीत मरायची थांबली. ज्यांनी विरोधात मोर्चे काढले होते, तेही गपचूप बाही वर करून रांगेत उभे राहिले.

आणि मग कोळशाचा वास यायला लागला.

“हे भय चिंचघाटच्या लोकांचं आहे,” समितीच्या पहिल्याच बैठकीत डॉ. सानिका पांढरीपांडे म्हणाल्या. सहसत्त्वाच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या. दार सताड उघडं ठेवून बैठक चालली होती. “चिंचघाट ही खाणकामगारांची वस्ती. सहसत्त्वाच्या आधी तिथं खाणताप आला होता. तेव्हा फक्त कार्डवाल्यांना, म्हणजे खाणीच्या कायम नोकरांना, इस्पितळात घेत. कंत्राटी मजुरांना कार्डं नव्हती. ते फाटकाबाहेर पडून राहिले. बहुतेक मेले. जे थोडे तिथल्या तिथं, उघड्यावर तगले, त्यांच्या रक्तात खाणतापाविरुद्धची सर्वांत जबर ओळख आहे. आपण सगळे तिच्यामुळेच सुरक्षित आहोत.”

“पण ओळख तापाची असेल ना? भीती कशी आली तिच्याबरोबर?” प्रणालीबाईंनी विचारलं.

“भीती फक्त डोक्यात नसते, ताई. ती रसायन होऊन रक्तात उतरते. त्या लोकांच्या पेशी शत्रूला ओळखायला शिकत होत्या, तेव्हा रक्त भीतीनं भरलेलं होतं. धडा आणि भय एकाच कुपीत बंद झालं. दरवर्षी आपण ते थोडं थोडं घेत गेलो. आता त्यानं पातळी ओलांडली.”

“गाळून काढता येत नाही?”

“भय गाळलं की ओळखही जाते. करून पाहिलं.”

निवृत्त न्यायाधीश टेंभेकर खुर्चीत पुढे सरकले. “मग उपाय सरळ आहे. त्या वस्तीचं रक्त घेणं थांबवा.”

“सर, जो देत नाही त्याला घेताही येत नाही. कायदा तसा आहे. ते पुन्हा बाहेर पडतील.”

“डॉक्टर, लोक टोचून घ्यायला येईनासे झालेत, कारण केंद्रालाही दार असतं. सर्वांना आत ठेवायच्या नादात सर्वच बाहेर जातील. आणि खाणतापाचं काय करायचं तेवढं सांगा.”

डॉक्टरांनी समोरची फाइल मिटली. “खाणताप कार्डवाल्यांनाही झाला होता. ते वॉर्डात राहून बरे झाले. त्यांचं रक्त आपल्याकडे आहे. ओळख जरा कमजोर आहे, पण काम भागेल.”

मत देण्याआधी ती माणसं पाहायला हवीत, असं प्रणालीबाईंनीच सुचवलं. न्यायाधीश आले नाहीत. दोघी बायका चिंचघाटला गेल्या तेव्हा ऊन मी म्हणत होतं. रंजू आत्राम नावाच्या बाईच्या घरी त्यांना नेलं. पन्नाशीची, काटक, दंडावर गोंदण. तिनं कोरा चहा दिला, आणि झळा आत येतात म्हणून दार लोटून कडी घातली.

दोघींचे हात कपासकट थांबले. रंजू मात्र आरामात भिंतीला टेकून बसली.

“तुम्हाला काही होत नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

“कायचं?”

“दार लावल्यावर.”

“आधी व्हये ना, बाई. लय व्हये. माहा नवरा फाटकापाशीच गेला. मी त्याचं डोस्कं मांडीवर घेऊन बसली होती. काचेतून आतलं सारं दिसे. खाटा दिसे, पंखे फिरताना दिसे. एक बाई खिडकीपाशी बसून केस विंचरे. तिनं माह्याकडं पायलं. मंग परत विंचरू लागली.” रंजूनं पदरानं मान पुसली. “त्याच्यानंतर मी आंगणातच झोपे. दार लावलं का जीव जाये. मंग हे तुमची सुई आली. दरवर्सी हलकं हलकं होत गेलं. आता तं मी कडी लावून झोपतो. कुठं गेलं थे, मले का मालूम.”

डॉक्टरांनी प्रणालीबाईंकडे पाहिलं. दोघींच्या चेहऱ्यांवरचा घाम रंजूला तेव्हा दिसला. ती उठली, तिनं घाईनं कडी काढली.

“तुमच्याकडं आलं का थे?”

डॉक्टरांनी मान डोलावली.

“माहं होतं थे,” ती पुटपुटली. “लेकराबाळाकडं बी गेलं?”

“माझ्या लेकीला होतं,” प्रणालीबाई म्हणाल्या. “पोटुशी आहे. इस्पितळात पाय टाकत नाही.”

रंजू उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. म्हणाली, “घेतो म्हणावं वाटते, बाई. माहं मले परत द्या म्हणावं वाटते. पण खोटं कायले बोलू? नोको मले थे परत.”

परतीच्या वाटेवर गाडीच्या सगळ्या काचा खाली होत्या. प्रणालीबाईंनी विचारलं, “वगळलं तर तिला पुन्हा होईल?”

“होईल. इतकी वर्षं लाखो शांत माणसांच्या कुप्या तिच्या रक्तात जात होत्या, म्हणून ते पातळ झालं. त्या थांबल्या की जुनं वर येईल.”

“आणि आपलं?”

“जाईल. शुद्ध अर्क टोचला की पंधरवड्यात फरक दिसेल.”

“म्हणजे अन्वीचे दिवस भरायच्या आधी.”

“हो,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याआधी.”

मतदानाला फार वेळ लागला नाही. न्यायाधीशांनी वगळायच्या बाजूनं हात वर केला. डॉक्टरांनी विरोधात केला. “आपण ज्याला रोग म्हणतोय,” त्या म्हणाल्या, “ते बहुतेक त्या वस्तीचं बरं होणं आहे.” दोघंही प्रणालीबाईंकडे बघत राहिली. बाईंच्या डोळ्यांपुढे इस्पितळाच्या पायरीवर बसलेली अन्वी आली, आणि तिच्याच शेजारी मांडीवर नवऱ्याचं डोकं घेतलेली रंजू. दोघी सारख्याच दिसत होत्या. बाईंनी डोळे मिटले, मनात लेकीचं नाव घेतलं आणि वगळायच्या बाजूनं हात वर केला. घरी जाऊन त्या पोट धरून रडल्या.

डॉक्टरांचा शब्द खरा ठरला. अर्क बदलला आणि लोक झोपेतून जागं व्हावं तसे सावरले. वर्गांची दारं लागली. पहारेकरी खुर्ची घेऊन आत गेला. अन्वी हसत, जावयाशी काहीतरी वाद घालत, इस्पितळाच्या दारातून आत शिरली. आपण आत आलो हे तिच्या ध्यानातही आलं नाही. मुलगा झाला. वजन चांगलं होतं, दोघं सुखरूप होती. प्रणालीबाईंच्या नाकातला कोळशाचा वास गेला. त्यांना अशी गाढ झोप लागू लागली, जशी कुमारवयानंतर लागली नव्हती.

नातू हसायला लागला होता, त्या सुमारास एका दुपारी डॉ. पांढरीपांडे वरोऱ्याला आल्या. बाळ बाईंच्या मांडीवर झोपलं होतं. अन्वी आत कपड्यांच्या घड्या करत होती.

“रंजू आत्राम गेली,” डॉक्टर म्हणाल्या. “साधा न्यूमोनिया. तिला गावातल्या इस्पितळात आणलं होतं, पण सहसत्त्वात नसलेल्यांना तिथं खाट नाही. त्यांना दूरच्या केंद्रात पाठवतात. गाडी येईपर्यंत ती फाटकाबाहेर होती. उन्हात.”

“अरेरे,” प्रणालीबाई म्हणाल्या. मग त्यांनी बाळाच्या कानावर बसलेली माशी हाकलली. “तुम्ही चहा घ्याल ना?”

डॉक्टर त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. “ताई, तुम्हाला आत्ता काय वाटलं?”

बाईंनी स्वतःत डोकावून पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं. “वाईट झालं असं वाटलं.”

“वाटलं, की ठाऊक आहे?”

बाईंनी बाळाचं दुपटं सारखं केलं.

“मलाही नाही वाटलं,” डॉक्टर सावकाश म्हणाल्या. “बातमी आली तेव्हा मी जेवत होते. ताट पूर्ण संपवलं. संपल्यावर लक्षात आलं, की मी हिच्याच बाजूनं मत दिलं होतं. म्हणून प्रयोगशाळेत जाऊन नवा अर्क तपासला. आपण चिंचघाटचं रक्त काढलं आणि वॉर्डातल्या लोकांचं वाढवलं. त्यांच्या पेशीही तेव्हाच शिकल्या होत्या, ताई. काचेच्या आत. बाहेर माणसं मरत होती आणि आपल्याला खाट मिळाली होती, त्या सुटकेत. ती सुटकाही कुपीत उतरली. इतकी वर्षं ती होतीच, पण बाहेरच्यांचं भय तिला तोलून धरत होतं. आता नुसती तीच उरलीय. सगळ्यांच्या रक्तात.”

“मग सांगा सरकारला.”

“सांगितलं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘लोक तर सुखात आहेत, कुणाची तक्रार नाही.’ खरंच नाही. पुढच्या महिन्यात आणखी दोन वस्त्या वगळायचा प्रस्ताव येतोय. पुरातून वाचलेली माणसं. त्यांच्यामुळे काहींना पाण्याची स्वप्नं पडतात.” डॉक्टरांनी हातांकडे पाहिलं. “मला याची भीती वाटायला हवी. मी रोज सकाळी उठून पाहते, वाटते का. नाही वाटत.”

त्या चहा न घेताच गेल्या.

प्रणालीबाई नातवाला घेऊन तशाच बसून राहिल्या. त्यांनी रंजूचा चेहरा आठवला, दंडावरचं गोंदण आठवलं, तिनं घाईनं काढलेली कडी आठवली. सगळं लख्ख आठवत होतं. आपण हात वर केला होता हेही आठवत होतं, आणि त्या दिवशी आपण पोट धरून रडलो होतो हे तर एखाद्या परक्या बाईची हकीकत आठवावी तसं. त्यांनी ते सगळं पुन्हा एकदा, शाळेतल्या मुलाकडून धडा म्हणवून घ्यावा तसं, मनाशी घोकलं. ती बाई मेली. माझ्या मतानं मेली. बाहेर मेली.

काही हललं नाही. अंगभर एक छान, दाट ऊब पसरली होती. भर थंडीत गोधडीत शिरल्यावर येते तशी. बाळ संथ श्वास घेत होतं. आतून अन्वीच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. त्या उबेत प्रणालीबाई बराच वेळ, आता तरी लाज वाटेल म्हणून, वाट बघत बसल्या.