पहिला धक्का

चाचणीचा उतारफलक तिरपा होत बारा अंशांवर पोचला आणि डॉ. मृण्मयी ठोसर यांच्या डोळ्यांदेखत पॅलेटच्या लाकडी चौकटीवर रचलेल्या फरशा घसरून कारखान्याच्या प्रयोगशाळाभर फुटल्या. दीड टन माल, आणि त्याभोवती गुंडाळलेला प्लास्टिकचा ‘शिकाऊ पट’ ओल्या कागदासारखा फाटून लोंबत होता. हा पट मृण्मयीबाईंनी स्वतः नऊ वर्षं खपून तयार केला होता. प्रयोगशाळेत यंत्रांनी बांधलेला माल त्याने चाळीस अंशांपर्यंत जागचा हलू दिला नव्हता.

“नमुना कुठला?” त्यांनी विचारलं.

“आजचाच. सकाळी चार गाड्या भरल्या, त्यांतला बाजूला काढलेला,” कारखान्याचे बांधणीप्रमुख बोऱ्हाडे म्हणाले. बोऱ्हाडे म्हणजे कशालाही न घाबरणारे गृहस्थ. निदान ते स्वतः तसं सर्वांना सांगत. आत्ता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “चारही गाड्या घाटाकडे गेल्यात, मॅडम. पण यंत्राने धक्का दिला होता. नोंद आहे!”

“तो पहिलाच धक्का होता का?”

“म्हणजे?”

“अहो, पट गुंडाळल्यावर त्याला जो पहिला धक्का बसतो, त्या दिशेने त्याचे रेणू रांगेत लागतात. त्या दिशेला तो पोलादासारखा होतो, बाकीच्या दिशांना साधं प्लास्टिक उरतो. हे एकदाच घडतं. ब्रेक लागला की माल पुढे केबिनवर येतो, म्हणून यंत्र त्याला पुढच्या दिशेने हलकासा धक्का देतं. यंत्राच्या आधी कोणी हात लावला?”

“छे! कोण लावणार?”

मृण्मयीबाईंनी बांधणी विभागाचं सकाळचं कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. हौसाबाई खंडागळे, तीस वर्षं पॅलेट बांधणारी बाई, पॅलेट गुंडाळून झालं की त्याच्या माथ्यावर तळहाताने दोनदा थापटत होती. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट बोऱ्हाडेंना आज पहिल्यांदा दिसली, आणि ते मटकन खुर्चीत बसले.

हौसाबाईंना बोलावलं.

“नीट जा म्हनून थापटते, मॅडम. पैल्यापासनं रीतच हाय ती. काय चुकलं का?”

मृण्मयीबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. हौसाबाईंनी तोंडावर हात दाबला. पहिल्या गाडीवर त्यांचा मुलगा संपत ड्रायव्हर होता.

“मी त्याला थांब म्हणून सांगतो,” बोऱ्हाडेंनी फोन उचलला.

मृण्मयीबाईंनी त्यांचा हात धरला. “थांब म्हटलंत की तो ब्रेक मारेल! खालच्या गिअरवर सावकाश उतर, एवढंच सांगा.”

तेवढ्यात फोनच वाजला. संपतचा. बोऱ्हाडेंनी स्पीकर लावला.

“साहेब, घाटात म्हैस आडवी आली. करकचून ब्रेक मारला. मागं समद्या मालाचा चुरा झालाय बघा. पर केबिनला लागून पुढली दोन पॅलेटं हायेत ना, ती जागची हलली न्हाईत. त्येंच्यामुळं वाचलो.”

हौसाबाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडू लागल्या. बोऱ्हाडेंनी कपाळावरचा घाम पुसला. मृण्मयीबाईंचाही जीव भांड्यात पडला, पण जेमतेम मिनिटभर. तोच पट, तेच हात. मग पुढची दोन पॅलेटं टिकली कशी?

“मावशी, त्या दोन पॅलेटांना थापटायचं राहिलं होतं का?”

“ऱ्हाईल कसं? पर ती संपतच्या पाठीशी असत्यात. त्यास्नी वरनं न्हाई थापटलं. पोराची पाठ थोपटावी तसं मागनं थोपटलं.”

मागून. म्हणजे बरोबर पुढच्या दिशेने. मृण्मयीबाई हौसाबाईंकडे वळल्या.

“आणि बाकीच्या तीन गाड्यांची पुढची पॅलेटं?”

हौसाबाईंचं रडणं एकदम थांबलं. त्यांनी बोऱ्हाडेंकडे पाहिलं, मग मृण्मयीबाईंकडे.

“ती वरनंच थापटली,” त्या म्हणाल्या. “त्या पोरांच्या आया हितं कामाला न्हाईत ना, मॅडम.”

बोऱ्हाडेंनी दुसऱ्या गाडीचा नंबर लावला. पलीकडे नुसती रिंग वाजत राहिली.