काळ्या पडद्यामागची टकटक

दार लोटून घ्या आणि असे जवळ सरका. घाबरवत नाही रे, वारा आत येतोय म्हणून सांगतोय. तुम्ही विचारता भूत पाहिलंय का. मी नाही पाहिलं, आणि न पाहिलेल्याच्या फुशारक्या मारायचं माझं वयही राहिलं नाही. पण माझा साडू, तो चष्म्याच्या दुकानवाला, त्याच्यावर जे बेतलं ते मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. फक्त एकदा. परत विषय काढला तर हातातला चहा तसाच ठेवून उठून जातो.

तर गोष्ट सुरू होते ती अगदी साध्या कामापासून. नोव्हेंबरमधला मंगळवार. दोन दिवस अवेळी पावसाची झड लागलेली. दुपारी दुकान बंद करून चष्मेवाला टेलरकडे गेला, काळ्या जाड कापडाचा पडदा शिवून घ्यायला.

पडदा घरासाठी नव्हता, गाडीसाठी होता. त्याचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, आणि वर दगडाच्या खाणी. खाणकामगारांच्या वस्त्या वरच. रस्ता कच्चा. पाऊस झाला की अँब्युलन्स अर्ध्यात रुतून बसायची आणि वर माणूस तडफडत राहायचा. म्हणून गावातल्या पाच-सहा जणांनी आपापल्या गाड्यांचं एक पथक उभं केलं होतं. फोन आला की जायचं, पेशंटला खाली दवाखान्यात आणायचं, कुणाकडून काही घ्यायचं नाही. नियम एकच, आणि तो पक्का. गाडीत दोघं हवेत. एक चालवणार, दुसरा मागे पेशंटपाशी बसणार.

चष्मेवाल्याने पथकासाठी एक जुनी गाडी घेतली होती, चारही चाकांना जोर असलेली. माझी मेहुणी म्हणजे स्पष्ट बोलणारी बाई. गाडी दारात उभी राहिली तेव्हा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! दुकानाचा पत्रा गळतोय तो आधी बघा." पण हा ऐकतोय कसला. दोन महिने गाडीखाली आडवा. मागची सीट काढली, फळ्या ठोकल्या, त्यावर स्ट्रेचर पट्ट्यांनी आवळून बसेल अशी सोय केली. चिखलाचे खोल नक्षीचे टायर घातले. फावडी, ओढायचा दोर, ऑक्सिजनचं नळकांडं, टपावर पिवळा फिरता दिवा. मेहुणी म्हणायची, "माझ्या बाळंतपणातसुद्धा एवढी तयारी केली नव्हती यांनी."

जोडीदार म्हणून त्याला मिळाला हाच टेलर. आडव्या अंगाचा, अखंड बोलणारा. प्रथमोपचाराचं शिक्षण घेऊन आला तेव्हा म्हणाला, "टाके घालायची सवय आहेच, आता कापडाऐवजी माणसं." पहिल्या चाचणीला पेशंट म्हणून तोच स्ट्रेचरवर आडवा झाला आणि चक्क घोरायला लागला. त्या चाचणीत दोन गोष्टी कळल्या. एक, मागे पेशंटसाठी दिवा लावला की त्याचा उजेड पुढच्या काचेत उमटतो आणि अंधारातला रस्ता दिसेनासा होतो. डोळ्यांचाच धंदा असलेला माणूस, तो म्हणाला, मध्ये काळा पडदा हवा. दुसरी गोष्ट, त्या टायरांची घरघर एवढी की मागचं बोलणं पुढे ऐकू येत नाही. मग दोघांनी खुणा ठरवल्या. चालवणाऱ्याने ओरडून विचारायचं, "ठीक?" मागच्याने ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर मुठीने टकटक करायची. एकदा म्हणजे ठीक, चल. दोनदा म्हणजे हळू. तीनदा म्हणजे थांब.

पडदा त्या संध्याकाळी लागला. गाडी तयार झाली. रात्री पावणेबाराला फोन वाजला.

वरच्या वस्तीतली एक बाई. पहिलंच बाळंतपण, दिवस भरायला अजून अवकाश होता, पण दुपारपासून कळा आणि आता रक्त थांबत नव्हतं. अँब्युलन्स खालच्या वळणावरच फसली होती. चष्मेवाल्याने टेलरला उचललं आणि गाडी डोंगराला लावली. त्याची ही पहिलीच खरी फेरी. भीती होतीच, पण आतून कुठेतरी अभिमानही वाटत होता, हे त्याने माझ्यापासून लपवलं नाही.

गाडीने नाव राखलं. वस्तीपर्यंत पोचले. बाई विशीची असेल. अंगावर घोंगडी, ओठ पांढरे, डोळे मिटलेले. नवरा तिचा हात सोडायला तयार नव्हता. टेलरने नाडी बघितली आणि पहिल्यांदाच कमी बोलला. "आहे. पण वेळ घालवू नकोस."

नवऱ्याला पुढे बसवलं, टेलर मागे, पडदा ओढला आणि उतरायला लागले. धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. दिव्याच्या उजेडात नुसता पांढरा भिंतभर कापूस.

खाणीच्या उतारावर वरून चिखलाचा लोंढा रस्त्यावर आलेला. गाडी त्यात बसली. चारही चाकं फिरताहेत, गाडी जागची हलेना. टेलर मागून उतरला, नवरा पुढून उतरला. दोघांनी खांदे लावले. चष्मेवाल्याने हलकेच गिअर टाकला. गाडी हेलकावली, सरकली, आणि एकदम सुटली.

"थांबू नकोस!" टेलरचा आवाज आला. "थांबलास तर परत बसेल! चल, चल!"

मागचं दार धाडकन लागलं. टेलर चढला, चष्मेवाल्याने मनात म्हटलं. नवरा बिचारा राहिला मागे, पण त्याला घ्यायला थांबणं म्हणजे बाईच्या जिवाशी खेळ. त्याने गाडी दामटली.

थोडं खाली आल्यावर त्याने ओरडून विचारलं, "ठीक?"

पाठीत टकटक. एकदा.

बरं वाटलं त्याला. पुढच्या वळणावर पुन्हा विचारलं. पुन्हा एकदाच. तो म्हणाला, "टेलर, आज मौनव्रत घेतलंय का रे?" त्याला वाटलं, बाईची तब्येत बघतोय, गंमत सुचायची ही वेळ नाही. स्वतःचीच लाज वाटली त्याला.

रस्ता संपत नव्हता. एरवी अर्ध्या तासाचा उतार, त्या रात्री तासाच्या वर गेला. एका ठिकाणी तर झाड आडवं पडलेलं, त्याला वळसा घालून शेतातून गाडी काढावी लागली. दर वेळी तो विचारायचा, "ठीक?" आणि दर वेळी पडद्यामागून एक ठोका यायचा. त्या ठोक्याच्या भरवशावर तो गाडी हाकत होता. ती जिवंत आहे, टेलर तिच्यापाशी आहे. बस्स.

मग धुकं थोडं विरलं. खाली गावाचे दिवे लुकलुकले. फोनला रेंज आली आणि डॅशबोर्डवरच्या फोनची रिंग वाजली.

फोनवर नाव... टेलरचं.

चष्मेवाल्याने बटण दाबलं.

"अरे, पोचलास का?" टेलर धापा टाकत होता. "आम्ही दोघं पायी येतोय. कधीचा फोन लावतोय, लागतच नव्हता. बाई कशी आहे?"

"तू... तू कुठे आहेस?"

"कुठे म्हणजे? वरच! गाडी सुटली तेव्हा धावत जाऊन दार लावलं मी, बाहेरून. बाई पडेल म्हणून. चढायला कुठे वेळ दिलास तू?"

फोन कटला.

टायरांची घरघर. वायपरची खरखर. आणि त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, तो काळा पडदा.

मग एकदम त्याच्या जिवात जीव आला. अरे, बाईच ती! शुद्धीवर आली असणार. हात लांब करून तीच टकटक करत असणार. एवढा रक्तस्राव होऊनही पोरगी शुद्धीवर आहे! त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"ताई!" तो ओरडला. "ताई, ठीक आहात ना? आलंच आता!"

एक ठोका.

"घाबरू नका! तुमचे यजमान येताहेत मागून!"

काही नाही.

मग... दोन ठोके.

त्याने वेग कमी केला. गाडी चालत्या माणसाच्या चालीने नेली. दोन म्हणजे हळू, हे कळायच्या आत पाय आपोआप वर आला होता. नंतर डोक्यात उजेड पडला. दोन म्हणजे हळू, हे तिला कसं माहीत?

गाडीत गारठा भरला. हीटर चालू होता, तरी. वेग उतरल्यावर टायरांची घरघर ओसरली होती, तरी मागून कण्हणं नाही. श्वास नाही. कूस बदलल्याचा आवाज नाही. बाळंतिणीच्या गाडीत एवढी शांतता... एवढी कशी असेल?

थांबावं. उतरावं. दार उघडून बघावं.

त्याने पाय ब्रेकवर नेला.

ठोका आला.

एकच. पण असा की तो स्टिअरिंगवर आपटला. छातीतून कळ निघाली.

त्याने ब्रेक दाबला नाही.

मागे वळूनही बघितलं नाही. आरशात बघितलं नाही. नुसता पुढे बघत राहिला. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता, काय ते त्याला आठवत नाही. पुढे चढ. मग पूल. मग दवाखान्याची कमान. हॉर्नवर हात ठेवला तो गाडी थांबेपर्यंत काढलाच नाही.

लोक धावत आले. कुणीतरी मागचं दार उघडलं. आणि एका तान्ह्या बाळाचं रडणं बाहेर आलं.

बाई स्ट्रेचरवर होती. पट्ट्या आवळलेल्या तशाच. घोंगडी वर ओढलेली आणि घोंगडीत, तिच्या छातीवर, बाळ. नाळसुद्धा कापलेली नव्हती. तिचा एक हात बाळाच्या पाठीवर होता. दुसरा ड्रायव्हरच्या सीटकडे लांब पसरलेला. मूठ वळलेली.

चष्मेवाला भिंतीला टेकून रडत होता, वाचली म्हणून. रात्रपाळीची डॉक्टरीण बाळाला आत पाठवून पुन्हा बाहेर आली. त्याच्यासमोर उभी राहिली.

"वाटेत कुठे थांबला होतात?"

"नाही."

"तिच्यापाशी कोण होतं?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"हे बघा, बाळ आत्ता जन्मलंय," ती म्हणाली. "फार तर दहा-पंधरा मिनिटं. पण त्याची आई... तिचा जबडा आखडलाय. हात वाकत नाहीये. ती जाऊन तास उलटून गेलाय हो."

पहाटे टेलर आणि नवरा गुडघाभर चिखलात माखून पोचले. नवऱ्याला कुणी सांगितलं, कसं सांगितलं, ते चष्मेवाल्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाला की त्या माणसाने बाळाला घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. टेलरला मात्र त्याने कोपऱ्यात ओढून विचारलं, "आपल्या खुणा तू तिला सांगितल्या होत्यास का?"

टेलर म्हणाला, "बेशुद्ध बाईला काय सांगणार? आणि खरं सांगू, उतरलो ना मी ढकलायला, त्याच्या आधीच मला तिची नाडी सापडत नव्हती. तुझा हात डळमळेल म्हणून बोललो नाही."

चष्मेवाला अजून पथकात आहे. गाडी तीच. पडदा मात्र त्याने त्याच दिवशी काढून टाकला. मागचा उजेड काचेत दिसतो, दिसू दे म्हणतो. त्या रात्रीचं बाळ, ती पोरगी, शाळेत जाते आता, बापासारखी उंच होणार. तिला यातलं काही ठाऊक नाही, आणि तुमच्यापैकी कुणी तिच्यापाशी तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ आहे.

झालं एवढंच. आता राहिलं काय, तर ते सकाळी मेहुणीने त्याचा भिजलेला शर्ट काढला तेव्हाचं. पाठीवर, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, काळानिळा डाग. मुठीएवढा, छोट्या मुठीएवढा. सीटची गादी वीतभर जाड, तिच्यातून वळ उठेल कसा, हे कुणालाच सांगता आलं नाही. आठवड्याभरात जाईल म्हणाले डॉक्टर. मागच्या महिन्यात त्याची पाठ धरली म्हणून मी तेल चोळायला बसलो होतो, तेव्हा मीही पाहिला. सात वर्षं झाली. डाग काल लागल्यासारखा ताजा आहे, आणि चोळून चोळून सगळी पाठ गरम झाली तरी तेवढी जागा गारच लागते.