रविवारचा मल्हार

मल्हार पिसाळ नऊ वर्षांत एकशे एकेचाळीस सामने खेळला होता आणि त्यांतला एकही त्याला आठवत नव्हता. यात नवल काही नव्हतं. सन २०६८ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या त्या लीगमधल्या कोणत्याच खेळाडूला स्वतःचा सामना आठवत नसे. शनिवारी संध्याकाळी मल्हार क्लबच्या दवाखान्यात खुर्चीत बसे, आणि त्यानंतरची त्याची आठवण थेट सोमवारी सकाळची, त्याच खुर्चीतली. मधला रविवार साऱ्या जगाने पाहिलेला असे, तो सोडून.

मल्हार होता रनिंग बॅक. म्हणजे चेंडू काखेत घट्ट दाबायचा आणि समोरच्या दीडदीडशे किलोच्या गड्यांच्या भिंतीत जिथे फट दिसेल तिथे घुसायचं. कबड्डीतल्या चढाईसारखंच, फक्त परत फिरायचं नाही. कोणी आडवं करेपर्यंत पुढेच जायचं आणि उठून पुन्हा तेच, एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा. पूर्वी असे गडी चार-पाच वर्षांत संपायचे. गुडघे जायचे, पाठोपाठ डोकंही जायचं. पन्नाशीत स्वतःच्या मुलांची नावं विसरलेले कितीतरी जुने वीर होते. शनिप्रत आली आणि हे थांबलं.

शनिप्रत म्हणजे काय, हे क्लबच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. केतकी बेहेरे यांनी त्याला पहिल्याच वर्षी समजावलं होतं. मार बसला की मेंदूतल्या पेशींना जोडणारे, केसाहून बारीक धागे ताणले जातात आणि तुटतात. रक्तात सोडलेले सूक्ष्म कण ते पुन्हा जोडू शकतात, पण कोणता धागा कुठे जात होता हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या धाग्यांचा नकाशा काढून ठेवायचा, ती शनिप्रत. सामना संपल्यावर आठ तासांच्या आत त्या नकाशाबरहुकूम सगळं पूर्ववत करायचं, ती परतजोडणी. अडचण एवढीच, की आठवण म्हणजेसुद्धा धाग्यांची नवी जुळणीच. रविवारची आठवण शनिवारच्या नकाशात कुठून असणार? कण तिला बिघाड समजून साफ करतात. शिंपी जुन्या मापावर कोट शिवतो, मधल्या काळात सुटलेलं पोट त्याच्या गावीही नसतं, असं बाई म्हणाल्या होत्या. मल्हार तेव्हा पोट धरून हसला होता.

नवव्या वर्षी मात्र त्याचं हसू कमी झालं. ओहायोतल्या महाराष्ट्र मंडळाने त्याचा सत्कार केला, तेव्हा एका आजोबांनी भाबडेपणाने विचारलं की पळताना नेमकं काय वाटतं. मल्हारने चित्रफितीत पाहिलेलं रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या, आणि घरी जाताना त्याला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याच्या लग्नात आपणच नवरदेव असल्यासारखं तो मिरवून आला होता.

आणि आता मोसमाच्या शेवटच्या सामन्यात चौऱ्याऐंशी यार्ड पळाला की लीगच्या इतिहासात सर्वांत जास्त पळालेला माणूस तो ठरणार होता. मंगळवारी पुढच्या तीन वर्षांच्या करारावर सही व्हायची होती. खेळायचं तर होतंच, पण विक्रमाची ती धाव त्याला स्वतःची म्हणून हवी होती. एकदा मनात घेतलं की तो मागे हटत नसे, हा गुण आईकडून आलेला. त्या माउलीने वाईजवळच्या खेड्यातून एकटीने इथे येऊन परिचारिकेची नोकरी धरली होती, आणि आपली गावाकडची मराठीच त्याला दिली होती.

“ह्या रविवारी परतजोडणी नको,” शनिवारी खुर्चीत बसल्या बसल्या त्याने सांगितलं. “एक सामना माझा मला ऱ्हाऊ द्या.”

बाईंनी धोका सांगितला. एका सामन्याची इजा बहुधा थोडी असेल, पण असेल ती जन्माची. हात थरथरेल, एखादा शब्द हरवेल, म्हातारपणी आणखी काही. मल्हारने सगळं ऐकून घेतलं आणि नकाराचा कागद पुढे ओढला.

“रविवारी तू वेगळं म्हणशील,” बाई म्हणाल्या.

“रविवारी म्या काय म्हनतो ते धरायचंच न्हाई, असा कायदाच हाय की.”

कायदा होता खरा, आणि तो खेळाडूंच्या संघटनेनेच भांडून मिळवला होता. डोक्याला मार बसलेला माणूस भलतंच काही बोलून स्वतःचं नुकसान करून घेईल, म्हणून परतजोडणीला नकार द्यायचा तर तो शनिवारी, शाबूत मेंदूनेच द्यायचा. रविवारचा नकार, कशालाही असो, ग्राह्य नाही; परतजोडणीला होकार मात्र केव्हाही चालतो. मल्हारने ठसठशीत सही केली.

रविवारी दुपारी एकला सामना सुरू झाला. विक्रमाची धाव तिसऱ्या डावात आली. चेंडू काखेत आला, उजवीकडे फट दिसली आणि मल्हार घुसला. चित्रफितीत हे सगळं तरंगल्यासारखं दिसायचं. आत शिरल्यावर कळलं की इथे घाम, ओकारीचा वास आणि स्वतःचा श्वास याखेरीज काही नसतं. तो घाबरला होता. साधासुधा घाबरला नव्हता, विहिरीत पडलेल्या जनावरासारखा घाबरला होता, आणि पाय मात्र नऊ वर्षांच्या सरावाने पळत होते. मग दोन डोकी त्याच्या डोक्यावर आदळली. सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यात त्याने आईचा चेहरा आठवून पाहिला आणि तो आला नाही. किती वेळ आला नाही कोण जाणे. कोणीतरी त्याला उभं केलं, साठ हजार लोक त्याचं नाव घेत होते. त्यानंतर तो आणखी अकरा वेळा त्या भिंतीत गेला, कारण उभ्या माणसाला जायला दुसरीकडे वाटच नव्हती.

साडेचारला तो दवाखान्यात आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, “डॉक्टर, म्या परत खेळनार न्हाई.”

होकार आलाच तर म्हणून सुरू ठेवलेल्या परतजोडणीच्या यंत्रापासून बाई उठल्या आणि त्याच्या समोर बसल्या.

“हे तू दर रविवारी म्हणतोस,” त्या म्हणाल्या. “एकशे एकेचाळीसपैकी एकशे सदतीस वेळा म्हणालास. चार वेळा तू बोलण्याच्या अवस्थेत नव्हतास.”

 हळूहळू मल्हारला सोमवार आठवायला लागले, कारण सोमवार त्याचेच होते. पहिल्या वर्षी बाई तीनदा हेच सांगायला आल्या होत्या आणि त्याने ते हसण्यावारी नेलं होतं. तिसऱ्या वर्षी त्यांनी एक चिठ्ठी दिली होती, त्याच्याच वेड्यावाकड्या अक्षरातली, ‘जाऊ नको’ एवढीच. आपटल्यावर माणूस काहीही लिहितो, असं म्हणून त्याने ती टोपलीत टाकली होती आणि फक्कड न्याहारी केली होती. चिठ्ठीतली भीती वाचता येत होती, पण ती कोणा दुसऱ्याची होती.

त्याला संताप आला. “आन् तरी तुमी मला दर आठवड्याला परत धाडलंत.”

“मी तुला बरं केलं, मल्हार. बरा झालास की तूच जात होतास.” बाई त्याचा उजवा हात हातात घेऊन बोटं दाबून पाहू लागल्या. “रविवारी तुझं ऐकायला मला बंदी होती. आज तुझी कालची सही आहे म्हणून पहिल्यांदा ऐकता येतंय. पण होकार तू अजूनही देऊ शकतोस, आणि डॉक्टर म्हणून मी सांगेन, दे.”

त्या बोलता बोलता तपासत होत्या. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. आईचं नाव त्याने बरोबर सांगितलं, शहराचंही सांगितलं. मग बाईंनी खिशातलं पेन काढून त्याच्या तळव्यावर ठेवलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मल्हारने ते उलटसुलट करून पाहिलं. कशासाठी असतं ते त्याला पक्कं माहीत होतं. नाव मात्र येईना. त्याने डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले, तरी येईना. 

“आत्ता परतजोडणी केली तर उद्या सकाळी हा शब्द तुझ्या तोंडात असेल,” बाई म्हणाल्या. “बोटंही मिटतील.”

“आन् आजचं जाईल.”

“आजचं जाईल.”

“मंगळवारी म्या काय करीन?”

बाई खोटं बोलल्या नाहीत. “हसत सही करायला येशील.”

 मल्हारने चालत्या तीन बोटांनी ती वस्तू उचलली आणि बाईंच्या हातात परत दिली.

“म्हंजी ह्यानंच सही करनार म्या,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ दे ह्याचं नाव. यंत्र बंद करा.”