तिसरी तक्रार

बाहेरच्या दुरुस्त्या बघणारा विलास रजेवर नसता, तर मिताली पर्यटकांच्या त्या कॅम्पवर गेलीच नसती. पण त्याला नेमका त्याच दिवशी ताप आला, आणि जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या, फिरती घरं बनवणाऱ्या कारखान्यातून पान्यांची पेटी उचलून ती निघाली. सांगलीची पोरगी, हायड्रॉलिक विभागातली पहिलीच मुलगी. उमेदवारीचे सहा महिने जानेवारीअखेर संपणार होते. कायम झाली तर जयपूर, नाही तर सांगली आणि आईने शोधून ठेवलेली स्थळं!

ट्रकमागे जोडून ओढायचं ते फिरतं घर एका अंगाला कललं होतं. त्याची सरकती खोली अर्धी आत, अर्धी बाहेर. समोर कॅम्पचा मॅनेजर निहार, कमरेवर हात ठेवून. वडील बँकेच्या बदलीवर जयपूरला आले ते इथलेच झाले, त्यामुळे याचं मराठी अडखळतच चालायचं.

"बटण दाबलं की नुसतं टक-टक करतं," तो म्हणाला. "मतलब... रुसलंय."

"रुसलेल्यांचं मी बघते. तुम्ही बाजूला व्हा."

तेल पुरेसं होतं, फ्यूज शाबूत, बॅटरी भरलेली. मग ती पाठीवर सरकत ट्रेलरखाली गेली. पंपाच्या अर्थिंगच्या तारेचा नट सैल होता. तो आवळला, आणि घराला टेकू देणारे चारही पाय अलगद जमिनीला टेकले, घर सरळ झालं, खोली सुरळीत बाहेर आली.

"एवढ्याशा तारेने?" तो तिच्याकडेच बघत होता. "माणसांचंही असंच असतं का, मितालीजी?"

"माणसांची गॅरंटी आम्ही देत नाही."

पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. पहिली दुरुस्ती मितालीची, म्हणून पुन्हा तिलाच पाठवलं. तिने नवा वॉशर घातला, नट करकचून आवळला आणि नट हलला तर कळावं म्हणून सवयीप्रमाणे नट-बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. त्याने कचोरी मागवली होती... तिने दोन खाल्ल्या. गप्पांत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. परतताना बसमध्ये ती एकटीच हसत होती. हे घर पुन्हा बिघडावं असं तिच्या मनात आलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

तिसरी तक्रार लेखी आली. कारखान्यात नियमच होता : तीच गाडी, तोच दोष, तिसऱ्यांदा... म्हणजे दोष दुरुस्त करणाऱ्या हाताचा. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "एकतीस तारखेपर्यंत या. पुढे नको."

डोळे पुसून ती कॅम्पवर गेली. ट्रेलर महिनाभर जागचा हलला नव्हता. तरी नटावरची रेघ तुटून अर्धा फेरा सरकली होती, आणि कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते.

"निहार, याला पाना कोणी लावला?"

त्याचे कान लाल झाले. "मी... दोन्ही वेळा. तक्रार केली की तू येतेस ना, म्हणून. मला तू आवडतेस, मिताली. खूप."

हेच ऐकायला ती किती आसुसली होती! आणि आता तिचा नुसता संताप झाला. तिने साहेबांचं बोलणं त्याला सांगितलं.

"माझ्या तोंडी सांगण्याला तिथे कोण विचारतं? तू लिहून दे. 'तार मी सैल केली होती', एवढंच."

तो पांढराफटक पडला. "लिहून? मालकांना कळलं तर मला काढतील गं... मतलब, मी साहेबांना भेटतो ना, मुलगी हुशार आहे म्हणून सांगतो..."

ती थांबली. तो बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. मग तिने नट आवळला, खोली आत-बाहेर करून पाहिली आणि पेटी बंद केली.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "आत्ता नुसतं 'देतो लिहून' म्हणाला असतास ना, निहार, तर तो कागद मी साहेबांपर्यंत नेलाच नसता."

"मिताली, ऐक तरी —"

ती वळली नाही. बस येईपर्यंत त्याचे चार फोन आले. पाचवा येण्याआधी तिने त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला.